शिशाला जमत नाही, ते पाण्याला जमते

घरात कॅरम असेल तर पावडर टाकून एक प्रयोग करून पाहा. स्ट्रायकर बाजूला ठेवा आणि एक सोंगटी दुसऱ्या, स्थिर सोंगटीवर अगदी सरळ मारा. मारलेली सोंगटी जवळजवळ जागीच थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन निघते. आता तीच सोंगटी बोर्डाच्या कडेवर मारा. ती उलट फिरते, पण बराचसा वेग राखून.

टक्कर कोणतीही असो, एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) कायम राहतो. टक्कर पूर्ण लवचिक असेल तर एकूण गतिज ऊर्जाही कायम राहते. हे दोन्ही हिशेब एकाच वेळी जुळायचे, तर समोरासमोरच्या टकरीत कोणाला किती ऊर्जा मिळणार हे वस्तुमानांच्या प्रमाणावर ठरते. तुल्यबळ गडी समोर आला तर सगळी ऊर्जा त्याला द्यावी लागते. फार जड वस्तूवर आदळले तर दिशा तेवढी बदलते, ऊर्जा आपल्यापाशीच राहते.

जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये केंब्रिजला न्यूट्रॉन शोधला तो याच हिशेबाने. बेरिलियममधून निघणारे विद्युतभार नसलेले किरण मेणावर पडले की प्रोटॉन उसळत. पॅरिसच्या जोलिओ-क्युरी दांपत्याला ते गॅमा किरण वाटले होते. चॅडविक यांनी उसळणाऱ्या केंद्रकांच्या वेगांची तुलना केली. हायड्रोजनचा वेग सेकंदाला सुमारे ३३,००० किलोमीटर, नायट्रोजनचा ४,७००, म्हणजे साधारण सातास एक. संवेग आणि ऊर्जेच्या समीकरणांत हे आकडे घातले की आदळणाऱ्या कणाचे वस्तुमान प्रोटॉनच्या जवळपास येते. कण स्वतः कधी दिसलाच नाही. त्याने ज्यांना टक्कर दिली, त्यांच्या साक्षीवरून तो सापडला.

क्ष-किरण काढताना शिशाचा एप्रन घालतात, हे आपण पाहिलेले असते. त्यामुळे किरणोत्सर्ग म्हटले की शिसे, असे डोक्यात पक्के बसते. वेगवान न्यूट्रॉनपुढे मात्र शिसे म्हणजे कॅरमची कड. शिशाचे केंद्रक न्यूट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड, त्यामुळे एका लवचिक टकरीत न्यूट्रॉन फार तर दोन टक्के ऊर्जा गमावतो. हायड्रोजनशी टक्कर झाली तर सरासरी निम्मी जाते. विखंडनातून निघालेला न्यूट्रॉन पुरता मंदावायला हायड्रोजनच्या १८-२० टकरी पुरतात. शिशाच्या जवळपास दोन हजार लागतील! म्हणून पाणी, मेण, काँक्रीट.

आपल्या शरीराचाही निम्म्याहून अधिक भाग पाणीच आहे. जे पाणी बाहेर ढाल असते, तेच शरीरात न्यूट्रॉनचा मारा झेलते. उसळलेला प्रोटॉन थोड्याशाच अंतरात आपली सगळी ऊर्जा पेशींत ओततो आणि डीएनएचे धागे तोडतो. म्हणूनच १ एमईव्हीच्या आसपासच्या न्यूट्रॉनसाठी सुरक्षेच्या हिशेबात गॅमा किरणांच्या सुमारे २० पट गुणक धरतात.

शिसे अगदीच निरुपयोगी, असेही नाही. मंदावलेला न्यूट्रॉन हायड्रोजनने गिळला की त्यातून गॅमा किरण निघतो, आणि त्याला अडवायला जड पदार्थच हवा किंवा मग पाण्याचा भरपूर जाड थर. ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीत इंधन तलावाच्या पाण्यातच बुडवलेले होते. न्यूट्रॉन मंद करणे, भट्टी थंड ठेवणे आणि काठावर उभ्या असलेल्या माणसांना वाचवणे, ही तिन्ही कामे ते एकच पाणी करत होते.