तरंगणारी माशी

मोहन्याला उल्हास नदीच्या संथ पाण्यावर पाणनिवळ्या पाय न भिजवता सरसर पळतात. ट्राउट मासा पकडणारे नेमकी हीच युक्ती उचलतात. इंग्रजांनी काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत आणून सोडलेला हा मासा पाण्यावर बसलेले किडे टिपतो. म्हणून बारीक गळाला दोरा गुंडाळून, कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस वेढून खोटी माशी बांधतात.

लोखंडी गळ तरंगतो कसा? पाण्याचा पृष्ठभाग पृष्ठताणामुळे ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. पिसाचे तंतू त्यावर भार पसरवतात. गळाची सर्व मापं निम्मी केली, तर वजन आठपट घटतं, पण पृष्ठताणाचा आधार फक्त निम्मा होतो. म्हणजे लहान माशी तरंगायला चौपट सोपी!

अडचण एकच, एवढी लहान माशी दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे पाठीवर पांढऱ्या किंवा भगव्या धाग्याचा छोटा तुरा. माणसाला तो वरून दिसतो. खालून पाहणाऱ्या माशाला मात्र मुख्यतः पोट आणि पिसांचे तंतूच दिसतात.

घरी करून पाहा: वाटीभर पाण्यावर सुई अलगद आडवी ठेवा, ती तरंगेल. मग भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. पृष्ठताण घटतो आणि सुई बुडते.