वाणी आणि तिच्यामागचा सूर

वडील माणसांचीं छायाचित्रें घरोघर जपून ठेविलेलीं असतात. भिंतीवर पणजोबांची तसबीर असते, कपाटांत आजोबांच्या हातचीं पत्रें असतात; पण त्यांचा आवाज कसा होता, असें नातवंडांनीं विचारलें तर सांगणारा कोणी उरलेला नसतो. ही उणीव भरून काढण्याचें साधन आतां प्रत्येक घरांत आलें आहे. खिशांतल्या टेलिफोनवर बोट ठेवलें कीं आवाज टिपला जातो; आणि घरच्या संगणकावर त्याच्यामागें मंद वाद्यसंगीत जोडून मोठी श्रवणीय मुद्रिका तयार करतां येते. हें काम वाटतें तितकें अवघड नाहीं. परंतु वाटतें तितकें निरुपद्रवीहि नाहीं. त्यांतील एक मोठी चूक आमच्या घरीं घडली. ती सांगितल्यावांचून पुढील चार गोष्टी सांगण्याचा मला अधिकार नाहीं, म्हणून आरंभ तेथूनच करतों.

आमची चूक

माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. लहानपणीं वऱ्हाडांतल्या माहेरीं आईबरोबर दळतांना त्या तिच्या मुखीं बसल्या होत्या. कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत माझ्या पुतण्यानें तिला समोर बसवून तासभर त्या म्हणवून घेतल्या आणि टेलिफोनवर टिपल्या. नुसता आवाज रुक्ष वाटतो, म्हणून आम्हां दोघांच्या मनांत आलें कीं मागें सतार घालावी. मीच त्याच्या शेजारीं बसून सतारीचा तुकडा निवडला, तेव्हां सारा दोष पोरावर ढकलण्यांत अर्थ नाहीं. मिश्रण तयार झालें, आम्हांला तें फार आवडलें, आणि टेलिफोनमध्यें जागा होत नव्हती म्हणून मूळचें मुद्रण पुसून टाकलें.

पुढें आजी गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशीं सर्व मंडळी जमलीं असतां आम्हीं ती मुद्रिका लावली. थोरल्या आत्याबाई कान देऊन बराच वेळ ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अरे, सतार फार गोड आहे, पण आई काय म्हणते आहे?"

आत्याबाईंनीं पुढें चार दिवस बसून त्या ओव्या एका वहींत उतरून घेतल्या. बहुतेक साधल्या. दोन मात्र कोणालाच उलगडल्या नाहींत. त्यांत आजीनें आपल्या माहेरच्या माणसांचीं नांवें गुंफलीं होतीं आणि नेमका तेथेंच सतारीचा झाला चढला होता. मिसळलेले आवाज वेगळे करणारीं साधनें अलीकडे निघालीं आहेत, तींहि आम्हीं वापरून पाहिलीं. सतार पुष्कळ कमी झाली. परंतु जे शब्द तिच्याखालीं दडपले होते त्यांच्या जागीं अस्पष्ट कुजबुज तेवढी हातीं आली. दुधांत साखर घालणें सोपें. ती पुन्हां काढून घेणें कोणाच्या हातचें?

शब्द कां बुडतो

हें असें कां व्हावें? आपल्या बोलण्यांत स्वरांचा नाद भारदस्त असतो आणि व्यंजनांचा फार नाजूक. 'ताट' आणि 'पाट' या दोन शब्दांतला भेद आरंभींच्या एका पुसट आघातावर अवलंबून आहे. स, श, त, क यांसारखीं व्यंजनें उंच कंपनांचीं, म्हणजे सेकंदास दोन हजार व त्याहून अधिक कंपनांच्या पट्ट्यांत वावरणारीं असतात. आणि सतारीची तार, बांसरी, व्हायोलिन यांच्या नादांतील तेज त्याच पट्ट्यांत असतें. दोन नाद एकाच पट्ट्यांत आले कीं बलवान् नाद दुर्बळाला झांकून टाकतो. त्यांतून वृद्धापकाळीं कान प्रथम मंदावतो तो उंच कंपनांनाच. म्हणून तरुणाला जें संगीत मंद भासतें, तेंच आजोबांच्या कानीं शब्दांवर पडदा टाकतें.

दुसरें कारण याहून सूक्ष्म आहे. मिश्रण करणाऱ्याला तें बोलणें दहा वेळां ऐकून पाठ झालेलें असतें. बुडालेला शब्द त्याचें मन आपोआप भरून काढतें आणि आपल्याला सर्व स्पष्ट ऐकूं येतें, असा त्याचा समज होतो. आमचें नेमकें हेंच झालें. आम्ही आजीचे शब्द ऐकत नव्हतों, आठवत होतों.

वास्तविक ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. नारदीय कीर्तनांत पेटीवाला काय करतो तें आठवावें. बुवा पद गात असतात तोंपर्यंत पेटी त्यांच्या पाठोपाठ धांवते. बुवा निरूपणाला लागले कीं ती एका षड्जावर स्थिरावते, तबलजी हात आवरून घेतो. पुन्हां पद सुरू झालें कीं दोघेहि रंगांत येतात. शब्द चालू असतां सुरानें पायरीवर बसावें, हा कीर्तनाचा शिष्टाचार आहे, आणि संगणकावरहि तोच पाळावा लागतो.

जरीपटक्यांतील घर

आमच्या या फजितीनंतर वर्षभरानें कचेरींतील एका जुन्या स्नेह्यांचें बोलावणें आलें. ते राहतात नागपूरच्या उत्तरेस जरीपटक्यांत. जरीपटका म्हटलें कीं मराठी माणसाला मराठेशाहीचें निशाण आठवतें. पण या वस्तींत पाऊल टाकलें कीं कानीं पडते ती सिंधी भाषा. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून कोणी कराचीहून बोटीनें मुंबईस, तर कोणी आगगाडीनें राजपुतान्याच्या वाटेनें इकडे आले. त्यांतलीं अनेक कुटुंबें येथें स्थिरावलीं. सिंधी भाषेस १९६७ सालीं राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें खरें, पण तिच्यामागें आपला असा प्रांत नाहीं. ती टिकावयाची तर घरांतल्या बोलण्यांतच. स्नेह्यांच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत होत्या. फाळणीच्या वेळीं त्या अकरा-बारा वर्षांच्या. त्यांची कहाणी त्यांच्याच भाषेंत मुद्रित करावी आणि मागें थोडें संगीत असावें, अशी नातवंडांची इच्छा होती.

पहिल्याच दिवशीं मीं मुलांना आजीच्या ओव्यांची हकीकत सांगितली, आणि एक अट घातली कीं मूळ मुद्रणाला कोणीहि हात लावावयाचा नाहीं.

नागपूरचा उन्हाळा आणि खोलींत कूलर! त्याच्या घरघरींत कांहींच साधलें नसतें, म्हणून आम्हीं पहाटे साडेपांचची वेळ धरली. कूलर, पंखा बंद. टेलिफोन अम्मांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित् एका बाजूस ठेविला. अगदीं समोर ठेविल्यास 'प' आणि 'फ' उच्चारतांना श्वासाचा फटका बसतो. बोलण्यापूर्वीं दहा सेकंद सर्वांनीं गप्प बसावयाचें. या निःशब्द तुकड्याचा पुढें मोठा उपयोग होतो. संगणकाला तो नमुना दाखविला कीं खोलींतला कायमचा खरखराट ओळखून तो कमी करतो. मात्र ही सफाई हलक्या हातानें करावी. फार केल्यास माणूस पाण्याखालून बोलतो आहे असें वाटूं लागतें.

संगणकावर आम्हीं 'ऑडॅसिटी' हें साधन घेतलें. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनीं १९९९ सालीं त्याचा आरंभ केला आणि २००० सालीं तें लोकांच्या हातीं आलें. त्यास मोल पडत नाहीं. त्यांत प्रत्येक आवाजाची स्वतंत्र पट्टी असते. एका पट्टीवर वाणी, दुसरीवर संगीत. शेवटची मुद्रिका काढीपर्यंत दोन्ही निराळ्या राहतात आणि प्रत्येकीची उंची वेगळी कमीजास्त करतां येते.

संगीत कोणतें घ्यावें? ज्यांत गाण्याचे शब्द आहेत असें कधींच घेऊं नये. दोन माणसें एकदम बोलूं लागल्यासारखें होतें. ठळक ताल आणि उंच तारांचें वादनहि टाळावें. शिवाय दुसऱ्याच्या मुद्रिकेवर आपल्या कायद्यानें साठ वर्षें हक्क राहतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. या सर्वांवर उत्तम तोड म्हणजे घरचें वादन. स्नेह्यांची नातसून पेटी वाजवी. तिनें दुसऱ्या खोलींत बसून खालच्या सप्तकांत दोन-तीन सूर संथपणें धरले, आणि तेवढें पुरेसें झालें. आपल्या घरांतून तंबोरा असेल तर त्याहून दुसरें कांहीं शोधावयास नको.

किती मंद म्हणजे मंद?

आतां मुख्य प्रश्न प्रमाणाचा. आवाजाची पातळी डेसिबेल या मापानें मोजतात. पातळी ६ डेसिबेलनें उतरली कीं ध्वनिलहरीची उंची निम्मी होते. २० डेसिबेलनें उतरली कीं एकदशांश होते आणि कानाला तो आवाज सुमारें चतुर्थांश भासतो. मंद ऐकूं येणाऱ्या लोकांच्या सोयीसाठीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेनें २००८ सालीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत बोलण्यामागचा इतर आवाज निदान २० डेसिबेल खालीं असावा, असें सुचविलें आहे. घरांतलीं वडील माणसें ऐकणार असतील तर हेंच प्रमाण धरावें. पहिल्यानें ऐकतांना संगीत जवळजवळ नाहींच असें वाटेल. तें बंद करून पाहिलें म्हणजे त्याची उणीव जाणवेल. बोलण्यामागें त्याचें अस्तित्व इतकेंच असावें.

आरंभीं पांच-सात सेकंद सूर एकटा ऐकूं द्यावा, तो हळूहळू उतरवावा आणि मग वाणी सुरू व्हावी. शेवटींहि तसाच विरूं द्यावा. मध्यें बोलणारा थांबला कीं संगीत किंचित् वर यावें आणि बोलूं लागला कीं दबावें, यासाठीं 'ऑटो डक' नांवाची एक क्रिया आहे. 'डक' म्हणजे मान खालीं घालणें. संगीताची पट्टी वर आणि वाणीची तिच्या लगत खालीं ठेवून ती चालविली कीं वाणी सुरू होतांच संगीत आपण होऊन, यंत्राच्या ठरीव मापानें १२ डेसिबेल, खालीं जातें. म्हणून संगीत मुळांतच मंद करून घ्यावें, म्हणजे दोन्ही मिळून वीसाची मर्यादा साधते. आमचा कीर्तनांतला पेटीवाला जणूं यंत्रांत येऊन बसला आहे! पण त्याचा विवेक मात्र यंत्रांत आलेला नाहीं. वृद्ध माणसें वाक्याच्या मध्यें थांबतात, आठवतात, उसासा टाकतात. यंत्राला ती रिकामी जागा वाटते आणि तें तेथें पेटी वर उचलतें. अशा जागीं आम्हीं हातानेंच पातळी खालीं ओढली.

मुद्रिका तयार झाल्यावर ती आम्हीं मोठ्या यंत्रावर न लावतां टेलिफोनच्या लहानशा कर्ण्यांतून स्वयंपाकघरांत लावली, कारण नातेवाईक ती ऐकणार तशाच. परीक्षक म्हणून बसल्या खुद्द अम्मा. त्या कांहीं न बोलतां ऐकत होत्या. घराला कुलूप घालून वडिलांनीं किल्ली शेजाऱ्याच्या हातीं दिली, आठवड्याभरांत परत येतों असें सांगितलें, या ठिकाणीं त्यांनीं हात वर केला. नातवाकडे वळून त्या सिंधींत कांहीं म्हणाल्या. त्यानें आम्हांला सांगितलें, "दादी म्हणते, येथें बाजा नको. त्या वेळीं कोणी वाजवीत नव्हतें."

आम्हीं त्या दीड मिनिटाखालची पेटी काढून टाकली. आतां तेथें केवळ अम्मांचा आवाज आहे आणि दूर कोठेंतरी पहाटेचा एक पक्षी. ती मुद्रिका मीं अनेकांना ऐकविली आहे. सर्वजण त्याच जागीं स्तब्ध होतात.

मूळ तें मूळ

शेवटीं जपणुकीविषयीं. टेलिफोननें जें टिपलें तें जसेंच्या तसें एका ठिकाणीं, पट्ट्या निराळ्या असलेली जुळणी दुसऱ्या ठिकाणीं आणि तयार मुद्रिका तिसऱ्या, अशी व्यवस्था असावी. आणि मूळ मुद्रणाच्या दोन प्रती दोन निराळ्या घरीं ठेवाव्या. जागेची सबब आतां चालण्यासारखी नाहीं. एकेरी आवाजाच्या उत्तम प्रतीच्या एका तासाच्या मुद्रणास सुमारें ३२० मेगाबाइट लागतात. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हमध्यें तसें जवळजवळ शंभर तासांचें बोलणें मावतें.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेडोपाडीं हिंडून, आपल्या सहकाऱ्यांसह, तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या मुखांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितहि केल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेनें तें भांडार सर्वांना खुलें केलें आहे. त्यांतील बायांचा आवाज ऐकावा. मागें कोणतीहि सतार नाहीं, आणि कोठें कांहीं उणें वाटत नाहीं. संगीत हें वाणीला घातलेलें वस्त्र आहे. आज एक, उद्यां दुसरें घालतां येईल. वाणी मात्र एकदांच मिळते.

येत्या सणाला घरचीं सारीं मंडळी एकत्र येतील, तेव्हां वडील माणसांना जवळ बसवून त्यांचें बोलणें टिपून ठेवावें. संगीत मागाहून सावकाश जोडतां येईल. आत्याबाईंची ती ओव्यांची वही आमच्या देवघरांतल्या कपाटांत आहे. तिच्यांत दोन ओव्यांपुरती जागा अजून कोरी सोडलेली आहे.