प्रश्नावलीतील खेळ आणि प्रकृतीची परीक्षा

आयुष मंत्रालयाचे ‘देश का प्रकृती परीक्षण’ अभियान २६ नोव्हेंबर ते २५ डिसेंबर २०२४ या काळात पार पडले. १ कोटी २९ लाखांहून अधिक नागरिकांचे परीक्षण झाले आणि पाच गिनीज विक्रमांची नोंद झाली. नागरिकाने मोबाईलवर ॲप घ्यावे, स्वयंसेवकाने क्यूआर कोड स्कॅन करून प्रश्न विचारावेत आणि अखेरीस प्रकृतीचे प्रमाणपत्र मिळावे, अशी योजना होती.

प्रतिज्ञा, प्रमाणपत्र, विक्रम ही खेळाचीच अंगे होत. ऑनलाइन प्रश्नावली अनेकजण अर्ध्यावर सोडतात. म्हणून उरलेले प्रश्न दाखविणारी पट्टी, गुण, पदके यांचा वापर अन्यत्रही केला जातो. सावित्रीकाठच्या दासगावात एखाद्या प्रमाणपत्रामुळे ‘माझी प्रकृती कोणती?’ हे कुतूहल जागे होत असेल, तर वैद्याने त्याचे स्वागतच करावे.

मात्र अशा खेळात बक्षीस मिळते ते प्रश्नावली पूर्ण केल्याबद्दल, अचूक उत्तराबद्दल नव्हे. त्यामुळे उत्तर देणारा घाई करू शकतो. भुकेचाच प्रश्न घ्या. अभियानाचा बहुतांश काळ हेमंताचा. या ऋतूत अग्नी स्वभावतःच बलवान असतो. भात झोडून मोकळा झालेला दासगावचा शेतकरी तेव्हा ‘भूक सडकून लागते’ असे सांगेल. तोच आषाढात, लावणीच्या दिवसांत, अन्नावर वासना नसल्याचे सांगेल. ही अवस्था ऋतूची, प्रकृती जन्मजात. अशा उत्तरांवरून वातप्रकृतीचा मनुष्य पित्तप्रकृतीचा ठरला आणि शीत आहार घेऊ लागला, तर त्याचा वातच वाढेल.

यास्तव खेळ उंबरठ्यापर्यंतच असावा, असे आमचे नम्र मत आहे. वेगाला वा संख्येला गुण नसावेत. ‘सध्या’ आणि ‘वर्षभर बहुधा’ असे दोन प्रश्न स्वतंत्र विचारावेत. ‘सांगता येत नाही’ या उत्तरालाही इतर उत्तरांइतकाच मान असावा.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्नावलीत केवळ एकच येते. उरलेल्या दोहोंसाठी रुग्णाने वैद्यासमोर बसावेच लागते. प्रमाणपत्र घेऊन आलेल्या रुग्णास आपण परत पाठवू नये वा ते प्रमाणपत्र अंतिमही मानू नये. त्याची दशविध परीक्षा करावी आणि केसपेपरवर निष्कर्षाशेजारी परीक्षणाचा ऋतूही नोंदवावा.