पिशवी उघडणारा हात

कोथरूडचा जुना कचरा डेपो आता नाही. त्या जागेवर मेट्रोचा डेपो उभा आहे. कचरा हातांनी निवडण्याचे काम मात्र संपलेले नाही; ते आता आपल्या दारात, घंटागाडीपाशी आणि वर्गीकरणाच्या शेडमध्ये होते. ते करणाऱ्या बहुतेक स्त्रिया दलित घरांतल्या, त्यांत आपल्या बौद्ध भगिनीही आहेत. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ओळखपत्रे मिळाली, पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली. जातीने लादलेली घाणीची कामे सोडा, हा बाबासाहेबांचा संदेश. पण आज ज्या बाईचे पोट याच कामावर आहे, तिच्या हाताला आपल्या घरातली सुई टोचू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

मधुमेहामुळे घरोघरी इन्सुलिनच्या सुया आल्या आहेत. वापरलेली सुई टोचली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते. सुई टोचलीच तर जखम पिळू नये; वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी ससूनसारखे सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. कावीळ ब ची लस कचऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने घेतलेली असावी.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका यांच्या जोडीला तिसरा प्रकार सांगितला: घरगुती घातक कचरा. सुया, मुदत संपलेली औषधे, बॅटऱ्या, सीएफएल दिवे, ट्यूब, फुटलेला थर्मामीटर, रंगाचे डबे. यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावे, असेही त्यात होते. आपल्या भागातले केंद्र कुठे आणि कधी उघडे असते, ते जवळच्या आरोग्य कोठीत किंवा क्षेत्रीय कार्यालयात विचारावे. उत्तर मिळाले नाही तर लेखी विचारावे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

केंद्रावर नेताना सुया जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत भराव्यात. दिवे आणि ट्यूब न फोडता खोक्यातून न्याव्यात, कारण आत पारा असतो. थर्मामीटर फुटला तर झाडू मारू नये, पारा पसरतो. खिडक्या उघडून, जाड कागदाने गोळा करून बाटलीत बंद करावा. फुगलेली मोबाईल बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकली तर शेडमध्ये आग लागते. आणि तांब्यासाठी वायरी जाळणे थांबवाच! तो धूर आधी आपल्याच वस्तीतल्या लेकरांच्या छातीत जातो.

सॅनिटरी पॅड केंद्रावर नेण्याची गरज नाही. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा आणि वेगळे द्यावे. फुटलेली काचही वर्तमानपत्रात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून हातात द्यावी.

रविवारी वंदनेला येताना जुन्या बॅटऱ्या, चार्जर, दिवे आणले, तर विहाराच्या कोपऱ्यातल्या एका खोक्यात ते जमतील आणि महिन्यातून एकदा कोणी तरुण केंद्रावर पोचवून येईल. सुया मात्र विहारात आणू नयेत, तिथे मुले असतात; त्या घरूनच थेट न्याव्यात.