राजकीय स्थित्यंतरे आणि संकेतस्थळांची नावे

१ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटनमधील नोंदणीधारकांच्या सुमारे ८० हजार संकेतस्थळांची नावे एकाच दिवशी निलंबित झाली. त्या नावांवर चालणारी संकेतस्थळे उघडेनाशी झाली आणि त्यांवरील ई-मेलचे पत्तेही बंद पडले. या नोंदणीधारकांनी शुल्क चुकविले नव्हते, की कोणत्याही कायद्याचा भंग केला नव्हता. बदल झाला होता तो त्यांच्या राष्ट्राच्या राजकीय स्थितीत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले होते आणि त्यांच्या संकेतस्थळांची नावे मात्र त्या संघासाठी राखून ठेवलेल्या 'डॉट ईयू' या गटातील होती.

शासकीय कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांचा बराचसा व्यवहार आता संकेतस्थळांच्या व ई-मेलच्या आधारे चालतो. अशा वेळी संकेतस्थळाचे नाव म्हणजे नेमके काय, ते कोणाच्या अधिकारात असते आणि राजकीय बदलांमुळे ते कसे हातचे जाऊ शकते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

नाव म्हणजे मालकी नव्हे

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाची ओळख अंकांनी होते. हे अंक लक्षात ठेवणे माणसाला अवघड जाते, म्हणून १९८३ साली अंकांऐवजी नावे वापरण्याची पद्धत आखण्यात आली. अशा नावाला 'डोमेन नाव' असे म्हणतात. टपालाच्या पत्त्यात ज्याप्रमाणे व्यक्ती, गाव, तालुका व जिल्हा असा क्रम असतो, त्याचप्रमाणे डोमेन नावातही लहान घटकापासून मोठ्या घटकापर्यंत चढता क्रम असतो. नावाच्या अगदी शेवटी येणारा भाग सर्वांत वरच्या पातळीचा होय. भारतासाठी हा भाग 'डॉट इन' आहे. तो १९८९ साली नोंदला गेला.

या वरच्या पातळीच्या प्रत्येक भागाचा कारभार एकेका नोंदणी संस्थेकडे असतो. तिच्याकडून नाव घेणारा त्या नावाचा मालक होत नाही. ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक शुल्क भरून आणि संस्थेच्या अटी मान्य करून त्याला केवळ वापराचा हक्क मिळतो. शेतकऱ्यांच्या परिचयाच्या भाषेत सांगावयाचे तर, हा सातबारावरील मालकी हक्क नसून मुदतीचा भाडेपट्टा आहे. अटी बदलल्या, किंवा पट्टा देणारी सत्ताच उरली नाही, तर पट्टेदाराचा हक्कही धोक्यात येतो.

दोन अक्षरांचा उगम

देशांच्या नावाने असलेल्या या गटांना दोन अक्षरे लावण्याचा निर्णय १९८४ साली झाला. त्यासाठी नवी यादी तयार न करता, आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७४ साली प्रथम प्रसिद्ध केलेली देशांच्या सांकेतिक अक्षरांची यादी स्वीकारण्यात आली. या निवडीमागे दूरदृष्टी होती. एखादा प्रदेश 'देश' आहे की नाही, हा प्रश्न राजकीय वादाचा असतो. तो तंत्रज्ञांनी सोडवू नये, असे सूत्र त्यातून पाळले गेले. या व्यवस्थेच्या प्रारंभीच्या काळात तिची धुरा वाहणारे जॉन पोस्टेल यांनी १९९४ च्या एका दस्तऐवजात हीच भूमिका स्पष्टपणे नमूद केली. १९९८ साली 'आयकॅन' ही संस्था स्थापन झाल्यानंतर तिनेही हेच धोरण पुढे चालविले.

या धोरणाचा एक परिणाम मात्र अटळ होता. यादीतील अक्षरे देशाच्या अस्तित्वाशी व नावाशी बांधलेली असल्यामुळे, देश फुटला, त्याचे नाव बदलले किंवा तो दुसऱ्यात विलीन झाला, तर त्याच्या अक्षरांवर उभी असलेली हजारो नावेही आधारहीन होतात.

युगोस्लाव्हियाची एकवीस वर्षे

याचे सर्वांत बोलके उदाहरण युगोस्लाव्हियाचे आहे. त्या देशासाठी 'डॉट वाययू' हा गट १९८९ साली सुरू झाला. त्याचा कारभार प्रारंभी स्लोव्हेनियातून चाले. १९९१ साली स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी त्याला स्वतःचा 'डॉट एसआय' हा गट मिळाला. ज्या देशाच्या नावाचा कारभार होता, तो देशच आता कारभार पाहणाऱ्यांचा उरला नव्हता. अखेर १९९४ साली हा कारभार बेलग्रेडकडे सोपविण्यात आला.

पुढे २००३ साली उरलेल्या युगोस्लाव्हियाने 'सर्बिया आणि माँटेनेग्रो' असे नाव धारण केले. या नव्या नावासाठी जी 'सीएस' अक्षरे देण्यात आली, ती त्यापूर्वी चेकोस्लोव्हाकियाची होती. ती डोमेन नावांसाठी वापरात येण्यापूर्वीच, २००६ साली, माँटेनेग्रोही वेगळा झाला. सर्बियाला 'डॉट आरएस' आणि माँटेनेग्रोला 'डॉट एमई' हे गट मिळाले. २००८ साली सर्बियाच्या नव्या गटात नोंदणी सुरू झाली, तेव्हा जुन्या नावांच्या धारकांना आपले नाव नव्या गटात प्राधान्याने घेण्याची सवलत होती. जुना गट बंद करण्यासाठी सप्टेंबर २००९ ही मुदत ठरली होती. ती वाढवून अखेर ३० मार्च २०१० रोजी 'डॉट वाययू' मूळ यादीतून काढून टाकण्यात आला. देश नाहीसा झाल्यावरही त्याची दोन अक्षरे काही वर्षे जिवंत राहिली. परंतु त्या दिवसानंतर जी पाने नव्या पत्त्यावर हलविली गेली नव्हती, ती जुन्या पत्त्यावर सापडणे अशक्य झाले. पुस्तकांत, प्रबंधांत व वृत्तांत छापलेले ते पत्ते निरर्थक ठरले.

चेकोस्लोव्हाकियाचा 'डॉट सीएस' १९९३ च्या विभाजनानंतर, झैरेचा 'डॉट झेडआर' देशाच्या नामांतरानंतर, तर नेदरलँड्स अँटिलीसचा 'डॉट एएन' २०१० मधील विसर्जनानंतर असाच मागे पडला. याला ठळक अपवाद सोव्हिएत संघाच्या 'डॉट एसयू'चा. तो १९९० साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे राज्य विसर्जित झाले. तरीही तो गट त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ वापरात राहिला. नियम एक असूनही त्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही, हे यावरून दिसते. ही उणीव दूर करण्यासाठी २०२२ साली आयकॅनने एक धोरण स्वीकारले. त्यानुसार एखाद्या देशाची अक्षरे यादीतून वगळली गेल्यास त्याचा गट बंद करण्यासाठी साधारणतः पाच वर्षांचा, आणि मुदतवाढीसह अधिकाधिक दहा वर्षांचा अवधी दिला जातो.

देश तोच, हक्क मात्र गेला

ब्रिटनच्या बाबतीत प्रकार निराळा होता. तेथे ना देश नाहीसा झाला, ना अक्षरे वगळली गेली. बदलली ती पात्रता. 'डॉट ईयू' हा गट २००६ साली सर्वसामान्यांसाठी खुला झाला. युरोपीय संघातील रहिवासी व तेथे स्थापन झालेल्या संस्था यांनाच त्यात नाव घेता येई. २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटनचे बाहेर पडणे निश्चित झाले, तेव्हा तेथील सुमारे तीन लाख नावे या गटात होती.

मार्च २०१८ मध्येच युरोपीय आयोगाने सूचना देऊन संभाव्य परिणामाची जाणीव करून दिली होती. ऑक्टोबर २०१९ पासून संघाच्या नागरिकांना ते कोठेही राहत असले तरी नाव ठेवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अशा नागरिकांची सोय झाली. अनेकांनी नोंदणी संघातील आपल्या शाखेकडे वळविली, तर अनेकांनी नाव सोडून दिले. जे उरले त्यांची नावे २०२१ च्या पहिल्या दिवशी निलंबित झाली. संघातून बाहेर पडण्यासाठी प्रचार करणाऱ्या 'लीव्ह डॉट ईयू' या मोहिमेचे नावही त्याच महिन्यात निलंबित व्हावे, हा दैवाचा विचित्र न्यायच म्हणावा लागेल. पात्रता सिद्ध करण्यासाठी काही महिन्यांची मुदत देण्यात आली आणि २०२२ च्या प्रारंभी उरलेली नावे इतरांना नोंदणीसाठी मोकळी झाली.

येथेच खरा धोका आहे. मोकळे झालेले नाव कोणीही पात्र व्यक्ती घेऊ शकते. जुन्या पत्त्यावर येणारे ई-मेल मग नव्या धारकाच्या हाती पडू शकतात. त्या ई-मेलवर आधारलेली बँकेची वा अन्य खाती असतील, तर पासवर्ड बदलण्याचे संदेशही त्याच्याचकडे जाऊ शकतात. संकेतस्थळ बंद पडणे ही गैरसोय आहे. आपल्या नावाने दुसऱ्याने बोलणे ही त्याहून गंभीर बाब आहे.

हिंदी महासागरातील एक प्रश्न

अशीच शंका हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहाच्या 'डॉट आयओ' या गटाविषयी व्यक्त झाली. ही अक्षरे 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' या नावाची असून, संगणक क्षेत्रातील असंख्य उद्योगांनी ती केवळ आकर्षक वाटतात म्हणून वापरली. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसकडे या बेटांचे सार्वभौमत्व सोपविण्याच्या करारावर २२ मे २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. हा प्रदेश त्या नावाने उरला नाही आणि अक्षरे यादीतून वगळली गेली, तर वर सांगितलेले बंद करण्याचे धोरण या गटालाही लागू होऊ शकेल. दूरच्या बेटाची अक्षरे शोभेसाठी घेणारा त्या बेटाच्या राजकीय भवितव्याशीही नकळत बांधला जातो, हा यातील बोध आहे.

स्थानिक संस्थांसाठी दक्षता

भारताच्या 'डॉट इन'ला असा धोका संभवत नाही. परंतु प्रशासकीय नावे आपल्याकडेही बदलतात. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले, तर २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर होते, शाळांचे विलीनीकरण होते. अशा प्रत्येक प्रसंगी पुढील गोष्टींकडे लक्ष देणे हिताचे ठरते.

पहिली गोष्ट अशी की, शासकीय कामकाज केवळ शासकीय संस्थांना मिळणाऱ्या 'गव्ह डॉट इन' या गटातील नावावरच चालावे. कर्मचाऱ्याने किंवा कंत्राटदाराने स्वतःच्या नावे घेतलेल्या खासगी नावावर ते विसंबून राहू नये. माणूस बदलला की नावही हातून जाते.

दुसरी गोष्ट, नोंदणी कोणाच्या नावे आहे, मुदत केव्हा संपते आणि नूतनीकरणाची सूचना कोणत्या ई-मेलवर येते, याची नोंद कार्यालयाच्या दप्तरी असावी आणि कार्यभार सोपविताना ती नव्या अधिकाऱ्यास द्यावी. सूचनेचा ई-मेल त्याच डोमेन नावावरील नसावा. कारण नाव बंद पडले की ती सूचनाही पोहोचणार नाही.

तिसरी गोष्ट, नाव बदलले तरी जुने नाव लगेच सोडू नये. ते पुढील अनेक वर्षे नूतनीकृत करून तेथे येणाऱ्यास आपोआप नव्या पत्त्यावर नेण्याची व्यवस्था करावी. दरम्यान जुन्या ई-मेलशी जोडलेली सर्व खाती नव्या पत्त्याशी जोडून घ्यावीत.

चौथी गोष्ट, परिपत्रकात, अहवालात किंवा शालेय साहित्यात केवळ संकेतस्थळाचा पत्ता देऊन थांबू नये. शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक, पुस्तकाचे वा लेखाचे पूर्ण शीर्षक सोबत द्यावे. छापलेला पत्ता दुरुस्त करता येत नाही. क्रमांक व शीर्षक हाताशी असले तर मजकूर अन्यत्र शोधता येतो. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत कार्यालयातही जतन करावी.

युगोस्लाव्हियातील नोंदणीधारकांना नव्या गटात जाण्यासाठी वर्ष-दोन वर्षांचा अवधी मिळाला होता. ब्रिटनमधील नोंदणीधारकांना जवळजवळ तीन वर्षे आधी सूचना मिळाली होती. ज्यांनी त्या अवधीत व्यवस्था केली त्यांचे पत्ते बदलले, पण त्यांचा मजकूर व त्यांची माणसे एकमेकांना दुरावली नाहीत. ज्या नागरिकाला दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा अनुदानासाठी कार्यालयाच्या संकेतस्थळावर यावे लागते, त्याला जुन्या पत्त्यावरूनही योग्य ठिकाणी पोहोचता आले पाहिजे. नामांतराच्या कार्यवाहीत फलक व शिक्के बदलण्याच्या बरोबरीने या कामाचाही समावेश झाला, तर त्याची गैरसोय टळेल.