शेजारच्या स्पीकरमधला आवाज

हौशी रेडिओचालकाचा आवाज शेजारच्या स्पीकरमधून उमटला की पहिली मागणी होते ती गच्चीवरची अँटेना उतरवण्याची. मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांत दोष तिचा नव्हता. 7 मेगाहर्ट्झवर लहरलांबी सुमारे 40 मीटर, तिचा चतुर्थांश 10 मीटर. दिवाणखान्यात भिंतीकडेने फिरवलेली स्पीकरची वायर सहज तेवढी भरते आणि नकळत अँटेना बनते. पुढे अ‍ॅम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर त्या लहरीतून आवाज सोडवून काढतो. व्हॉल्यूम शून्यावर आणूनही तो कमी होत नसेल, तर शिरकाव बहुधा याच वायरीतून झालेला असतो.

मग ती वायर अ‍ॅम्प्लिफायरजवळ फेराइटच्या कड्याभोवती गुंडाळावी. एका वेढ्याने भागत नाही (इथेच लोक कंटाळून कडे फेकून देतात). वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो.

रेडिओचालक मात्र यातून सुटत नाही. 14 मेगाहर्ट्झची चौपट 56, म्हणजे जुन्या दूरदर्शनचा पट्टा; ही लहर लो-पास फिल्टरने ट्रान्समीटरपाशीच अडवायची असते. म्हणून तक्रार आली की मी आधी विचारतो, तुमच्या स्वतःच्या घरातला टीव्ही स्वच्छ दिसतो का?