जनरेटर ओसरीत नको

जून लागला की आपल्या गोंदिया जिल्ह्यात वादळ येते, फांदी तारेवर पडते आणि वस्ती रात्रभर अंधारात राहते. जयंतीच्या लाऊडस्पीकरसाठी आणलेला छोटा पेट्रोल जनरेटर मग घरच्या टीव्ही-पंख्याला जोडला जातो. त्यात गैर काही नाही. पण पाऊस लागतो, चोरीची भीती असते, म्हणून तो ओसरीत नाहीतर स्वयंपाकघराच्या दारात ठेवतात. आम्हाला काळजी वाटते ती याचीच.

पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साईड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. नाकाला जाणवतो तो धूर. तो ओसरला म्हणून वायू गेला असे समजू नका. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण मेंदूला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि घरचे म्हणतात पित्त झाले. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले. जनरेटरचा वायू आत शिरला होता.

एक खूण लक्षात ठेवा. जनरेटर चालू असताना घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकदमच दुखू लागले, तर ते पित्त नव्हे. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, मशीन बंद करा, 108 ला फोन लावा आणि ‘जनरेटर चालू होता’ हे आवर्जून सांगा. करोनात घरोघरी आलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नका. त्याला हा वायू ओळखता येत नाही. माणूस अत्यवस्थ असला तरी तो 98 दाखवू शकतो.

जनरेटर घरापासून निदान 20 फूट लांब हवा, धुराचे तोंड दार-खिडकीकडे नको. आपल्या गल्ल्यांत घराला घर लागून आहे, म्हणून शेजाऱ्याची खिडकीही बघावी लागते. जागाच नसेल तर विहारासमोरच्या मैदानात, चारही बाजूंनी उघड्या पत्र्याखाली ठेवून चार घरांचे मोबाईल तिथेच चार्ज करावेत. खिडकी उघडी ठेवली की झाले, हे खरे नाही.

आता वस्तूंचे. स्वस्त जनरेटरचा व्होल्टेज खालीवर होतो. फ्रिज सुरू होताच तो दबतो, बंद होताच उसळतो, आणि टीव्ही जातो. इंजिन आधी स्थिर होऊ द्या, मग एकेक वस्तू लावा. बंद करताना आधी वस्तू काढा. चार्जरवर 100-240 लिहिलेले असेल तर तो बराच चढउतार सोसतो.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर घरच्या बोर्डात खुपसणारेही आहेत. असे मुळीच करू नका. ती वीज उलटी डीपीकडे जाते, तिथे हजारो व्होल्टची होते आणि तार जोडायला खांबावर चढलेला लाईनमन मरतो.

पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड असावे. मेणबत्ती जवळ नको.